पूड मिळणार नाही, कारण विचारू नये

मंडळी, आज दुपारी बाबांचा डबा द्यायला दुकानात गेले आणि चांगलीच तोंडघशी पडले. तरी तेव्हापासून मिरवतेय!

विश्रांतवाडीत आमचं काष्ठौषधींचं, म्हणजे वाळलेल्या मुळ्या-सालींचं, छोटंसं दुकान आहे. तिथे बाबांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'पूड मिळणार नाही. कारण विचारू नये.' मी कित्येक वर्षं भांडतेय, की बाबा, अश्वगंधेची पूड डब्यांत भरून ऑनलाइन विकू, पण आधी ती पाटी काढा. लाज वाटते हो!

आज मार्ता नावाची पोलंडची मुलगी आली. ती इथे राहून आयुर्वेदावर पीएचडी करतेय. पाटी वाचून तिने मोडक्या मराठीत सरळ विचारलं, "काका, कारण काय?"

झालं, आता हिचा उद्धार होणार!

पण बाबांनी अश्वगंधेची मुळी मोडून तिच्या हातात दिली. "वास घ्या. घोड्यासारखा येतोय ना? म्हणजे अस्सल. दळल्यावर काय मिसळलंय ते कसं कळणार? विश्वास काय माझ्या मिशांवर ठेवायचा?"

मार्ता म्हणाली, "मी भेसळच शोधते. खूप दुकानं फिरले. सगळ्यांनी पूड दिली. नाही म्हणणारे तुम्ही पहिले."

मग दीड तास बाबा बोलत होते, ती वहीत लिहीत होती. डबा तसाच गार झाला.

अभिमानाने ऊर भरून आला. ती पाटी मी शाळेत असल्यापासून बघतेय. कारण मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

तुम्ही तुमच्या घरी विचारलंय?