कणगीखालची मांजर

उंदराच्या औषधाला मी आयुष्यभर घरात येऊ दिलं नाय. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण एवढं कळत होतं की औषध उंदीर खातो आणि उंदराला मांजर खाते. आमच्याकडं भाताची कणगी आणि कणगीखाली मांजर, हे आजाच्या वेळेपासून. कोणाला पिल्लू दिलं तर बदल्यात मूठभर तांदूळ घ्यायचे, पैसा घ्यायचा नाय, ही घरची रीत. पेणपासून रोह्यापर्यंत शेपटीला गाठ असलेली मांजर दिसली की ती आमची, असं मी छाती काढून सांगायचो.

यंदा शेजाऱ्यानं औषध टाकलं. मेलेला उंदीर आमच्या भाटी मांजरीनं खाल्ला. दोन दिवस कणगीखाली पडून होती, मग गेली. पोटात पिल्लं होती.

बायको म्हणाली, "आता तरी औषध आणा. भात अर्धा कोंडा झाला."

"एवढ्या घरांना पिल्लं दिली गो. एक मागून आणतो."

खिशात मूठभर तांदूळ टाकले, पिशवी घेतली आणि निघालो.

पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलो. कारखानदार रंगाचे हात पुसत म्हणाला, "बाबा, तुमची मांजर कधीच मेली. आता आमच्याकडं उंदीर फक्त देवाच्या पायाशी. बाकीच्यांना औषध." तो हसला. मी नाय हसलो.

तिथनं गाडीनं रोह्याला. तिथला व्यापारी माझा दोस्त, तो वारला. त्याचा मुलगा आखातातून आलेला. सोफ्यावर पांढरी केसाळ मांजर पाकिटातलं खाणं खात होती.

"तुझ्या बापाला दिलेली आमची?"

"तिची पैदास संपली, चाचा. तशी सगळी मांजरं मूळ तिकडचीच. तिकडं माणसानं धान्य साठवलं, उंदीर आले, उंदरांमागं मांजर आली. मग गलबतांतून जगभर गेली."

"आमची कुठून आली नाय. आमच्या कणगीखालची हाय ती."

"बरं, तसं. पण आता कणगी कोणाकडं हाय? हिला न्या हवी तर. उंदराला घाबरते मात्र."

उठलो. स्टेशनच्या वाटेवर दुकान लागलं. पुडी मागितली.

दुकानदार म्हणाला, "घरात मांजर असेल तर जपा."

"नाय," मी म्हटलं.

घरी येऊन खिशातले तांदूळ काढले, त्यात पुडी कालवली आणि कणगीखाली सरकवली.