हरणीमागचं पाडस: देहूरोडच्या चर्चपासून सासुरवाडीच्या देवळापर्यंत

रंगातलं काही विचारायचं असेल तर मला विचारा. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला सोळा वर्षं काढली आहेत. दरवाजाच्या पत्र्यावरून अंगठा फिरवला की कोट कुठे जाड बसलाय, कुठे कण अडकलाय, मी सांगतो. मशीन तेच नंतर सांगतं. ही बढाई आहे, मान्य, पण खरी बढाई आहे.

याच बढाईपायी बारा वर्षांपूर्वी एक उद्योग केला. मी मूळचा लातूरकडचा, राहायला थेरगावात, आणि सासुरवाडी राजगुरुनगरच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. लग्न नवं होतं आणि जावयाला काहीतरी करून दाखवायचं होतं. गावात शंकराचं जुनं दगडी देऊळ आहे, खांबांवर प्राणी, वेली, नाचणाऱ्या बायका. चार मित्र, कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन घेऊन गेलो. खांब घासले, पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर हार्डनर घातलेला पक्का रंग. खांब क्रीम, प्राणी सोनेरी. गावाने शाल-श्रीफळ दिलं. दुसऱ्या गावांतल्या देवळांचा ऑइल पेंट दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. आमचा आजही चकाकतो.

यंदा महाशिवरात्रीला गेलो तेव्हा सखामामा गुरव खांबाला टेकून बसले होते. देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडे, वय ऐंशीच्या घरात, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्यांचा हात खांबावर गोल गोल फिरत होता. मी सहज विचारलं, "मामा, काय शोधताय?"

"हितं हरणी हाय, जावायबापू. आन् तिच्या मागं पाडस हाय. गावातल्या पोरांना मी बोट धरून दावायचो. आता माझ्याच बोटाला कायबी घावत न्हाई." मग घाईने म्हणाले, "पर रंग लय झ्याक हाय म्हणत्यात समदी."

त्यानंतर आठवडाभर माझं कामात लक्ष नव्हतं. डोळे गेल्यावर त्या माणसाकडे देऊळ बघायला बोटंच उरली होती, आणि बोटांसमोर मी भिंत उभी केली होती. घरी बोललो नाही. चूक बायकोसमोर कबूल करायला मला जरा वेळ लागतो.

आमच्या लाइनवरच्या एका ख्रिस्ती मित्राला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "भावा, आमच्या चर्चमध्ये दगडावरचा रंग काढलाय. एकदा बघून ये." म्हणून एप्रिलमधला एक रविवार ठरवला: सकाळी चर्च, दुपारी देऊळ. बायकोची, संगीताची, दवाखान्यात ड्यूटी होती. तिला म्हटलं, चक्कर मारून येतो.

डांगे चौकातून साडेसातला बाइक काढली. देहूरोडपर्यंत रविवारी सकाळी अर्धा तास पुरतो. इतर दिवशी माझी हमी नाही. रस्त्यात पोहे आणि चहा, पन्नास रुपयांत पोट शांत. चर्च छावणीच्या बाजूला, गोऱ्यांच्या काळातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण किल्ली सांभाळणाऱ्या रत्नमालाबाईंनी बजावलंय, "बघायला या, पण रील काढणाऱ्यांची जत्रा आणू नका." बाई निवृत्त शिक्षिका आहेत, मूळच्या नगरच्या. जायचं तर आधी निरोप द्या आणि प्रार्थना संपल्यावरच आत शिरा.

मी सवयीने दारात चपला काढल्या. बाई हसल्या. "असू द्या हो, आमच्यात चालतं." पण एकदा काढल्या त्या काढल्या, दगडी फरशी पायांना गार लागत होती, मी तसाच हिंडलो.

बाहेरून चर्च साधं, काळ्या पाषाणाचं, एखाद्या जुन्या स्टेशनसारखं. आत मात्र मान वर होते ती खाली येत नाही. छत पेलणाऱ्या तिरक्या सागवानी कैच्या आहेत, जोड इतके नेटके की पट्टी लावायची गरज नाही. टोकदार कमानी, रंगीत काचांतून फरशीवर पडलेला निळा-तांबडा उजेड. बाकांच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्यात. खांबांच्या माथ्यावर द्राक्षाच्या वेली कोरल्या आहेत. बाईंनी मला तिसऱ्या खांबाशी उभं केलं. "नीट बघा."

वेलीत दोन पोपट बसले होते! अगदी आपल्या देवळांच्या चौकटीवर असतात तसे, चोचीला चोच लावून.

"साहेबाने द्राक्षं सांगितली आणि पाथरवटाने पोपट आपल्या मनाने बसवले, असं आमच्याकडे सांगतात," बाई म्हणाल्या. "खरंखोटं देव जाणे."

मला फार आनंद झाला. कोण कुठला पाथरवट, पण हाताची सवय गेली नाही. आमच्यासारखाच, कामगार माणूस.

मग त्यांनी मला दाराजवळ नेलं. तिथे बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे, आठ कोनांचं, प्रत्येक बाजूला वेगळं फूल. ते कधीतरी कुणीतरी हौसेने पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलं होतं. पुण्याहून दगडकामातल्या एक जाणकार बाई येऊन, रविवार-रविवार करत, रंग काढून गेल्या. आता पाकळीची शीरसुद्धा नखाला लागते.

"रंगवलं त्यांचा राग नाही आला?" मी विचारलं.

"कुणाचा राग करायचा? चांगल्याच मनाने केलेलं. माझ्या वडिलांनीच रंगवलं होतं."

आता मला गप्प बसणं शक्य नव्हतं. सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि मी त्यांच्या शाळेतला असल्यासारखी वही काढायला लावली. आधी फक्त वीतभर जागा. रंग सोडवणारी जेल लावायची, वर प्लास्टिक, मग थांबायचं. बांबूची चपटी काडी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, मशीन तर नाहीच. त्या जाणकार बाईंशी फोनवर बोलणंही करून दिलं. त्यांनी दोनदा विचारलं, देऊळ सरकारी यादीत आहे का, गावाची परवानगी आहे का. तुम्हीही हे विचारल्याशिवाय कुठल्याही दगडाला हात लावू नका. निघताना दानपेटीत यथाशक्ती टाकलं.

पुढे तळेगाव-चाकण रस्ता. या रस्त्याबद्दल सभ्य भाषेत एवढंच लिहितो की कंटेनरच्या मागे राहा, शेजारी राहू नका. चाकणला रंगाच्या दुकानातून जेल घेतली, मग नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, तिथून डावीकडे आत. सासुरवाडीत पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी. खेड-जुन्नर भागात कुणी जेवायला बोलावलं आणि मासवडी आहे म्हटलं, तर बाकीचे बेत रद्द करा. हाताला वेळ लागणारा पदार्थ आहे, हॉटेलात तशी जमत नाही.

जेवणावर मी विषय काढला. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"आवं, चांगलं चकाकतंय की! गावानं सत्कार केला तुमचा, आन् तुमीच खरवडाया निघाला व्हय? लोकं काय म्हणत्याल?"

"म्हणू दे. चुकलं माझं."

सासुरवाडीत जावयाने हे वाक्य उच्चारायचं म्हणजे काय, ते जावई असलेल्या वाचकांनाच कळेल. सासऱ्यांनी हातातला घास संपवला. मग हात धुऊन सरपंचाला आणि देवळाच्या पंचांना बोलवायला स्वतःच गेले. यादीत देऊळ नाही हे सरपंचाने सांगितलं, आणि तासाभराच्या चर्चेनंतर वीतभर जागेला सगळ्यांनी होकार दिला.

डावीकडचा दुसरा खांब. सखामामा आधीच तिथे येऊन बसले होते. जेल लावली, प्लास्टिक गुंडाळलं, थांबलो. माझा रंग थिनरला दाद देत नाही, हे मला ठाऊक होतं. जेलपुढेही तो तासभर अडून बसला. खरं सांगतो, तेव्हासुद्धा आत कुठेतरी अभिमान वाटला. मग कडेने सुरकुती आली. काडीने उचलला, पुन्हा जेल, पुन्हा काडी. चार वाजता हरणीचा कान निघाला, मग मान, मग उडी घेतलेले पुढचे पाय. मी मामांचं बोट धरून तिथे ठेवलं.

"घावली!" मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर पत्ते खेळणारे आत आले. "घावली रं माझी हरणी!"

मी जोमात मागची जागा घेतली. रंग निघाला, प्रायमर निघाला, पुट्टी निघाली. खाली सपाट दगड होता. सपाट, आणि त्यावर अर्धगोल ओरखडे, एकाशेजारी एक. ते ओरखडे कुणी मला अंधारात दाखवले तरी मी ओळखेन. ग्राइंडरच्या डिस्कचे. माझे. रंग नीट बसावा म्हणून आधी सगळे उंचवटे उडवले होते, आणि झिजून अंगठ्याएवढं उरलेलं पाडस मला त्या दिवशी नुसता उंचवटा वाटलं होतं.

वाटलं, सांगूच नये. अजून रंग आहे म्हणावं, पुढच्या वेळी बघू म्हणावं. पण मामांचा हात वाट बघत होता.

"मामा, पाडस नाही राहिलं. मीच घासलंय ते, मशीनने."

मामांचं बोट त्या सपाट जागेवरून एकदा गेलं, परत आलं. मग त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि माझं बोट तिथे टेकवलं.

"मंग आता तुमी ध्यानात ठिवा. हितं हुतं."

परतीचा रस्ता कसा कापला ते आठवत नाही, त्यामुळे त्याची माहिती देता येत नाही. एकूण खर्च हजाराच्या आत, जेल धरून. गावाने उरलेल्या खांबांचं काम हळूहळू करायला परवानगी दिली आहे. त्या जाणकार बाई पुढच्या महिन्यात स्वतः येणार आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली. रंगातलं मला अजूनही विचारा. फक्त दगडाला रंग लावायचाय म्हणालात तर मी नाही म्हणेन, आणि का ते सांगेन.

रात्री जेवताना संगीताला सगळं सांगितलं. ती ताटात बघत राहिली. मग म्हणाली, "ते मागं बघत होतं."

"कोण?"

"पाडस. हरणी पुढं पळतेय आणि ते मान वळवून मागं बघतंय. मी लहानपणी मामांना विचारायचे, मागं कोण आहे त्याच्या?"

"मग रंगवलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"सगळे केवढे खूश होते. तू केवढा खूश होतास."

बारा वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं. म्हणून इथे लिहून ठेवतो. डावीकडचा दुसरा खांब, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, हरणीच्या मागे एक पाडस होतं. त्याची मान मागे वळलेली होती.