बारदान वजा

आमच्या ह्यांच्याइतका चोख तोलणारा भाताचा व्यापारी अख्ख्या रामनगरात नव्हता. बाजारकुणंगकडनं, जोयड्याकडनं गाडीत पोती घालून येणारी माणसं आमच्या काट्याकडं बघायचीसुद्धा नाहीत; ह्यांनी आकडा सांगितला की मान हलवायची. ह्यांनी जन्मात खोटं वजन केलं ते एकाच मालाचं, आणि तो माल म्हणजे हे स्वतः. त्या एका मालापायी मी जेवढा डोक्याला हात लावून बसले असेन, तेवढी पोरांच्या दहावीच्या निकालालाही बसले नव्हते.

जाडजूड शरीर घराण्याचंच. लोक कौतुकानं म्हणायचे, खात्यापित्या घरची माणसं! सासरे पन्नाशीच्या आत गेले, दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या. थोरले दीर त्याच वाटेनं गेले, ऐन आषाढात. त्यांच्या तिरडीला जास्तीचे बांबू बांधावे लागले. ओढ्याकडच्या उताराला खांदेकरी सारखे बदलत होते म्हणे, आणि शेवटी विसाव्याच्या जागेआधीच तिरडी चिखलात टेकवावी लागली. असं टेकवू नये म्हणतात. पण करतात काय? मागनं कुणीतरी हसल्याचंही माझ्या कानावर आलं. हसणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे, पण जाऊ दे. हे पुढच्या बाजूला होते. घरी आले तेव्हा उजवा खांदा सुजून काळानिळा झालेला. मी गरम तेल चोळत होते, तर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "अण्णा लई जड झालता गं." तेवढंच. परत तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

मी मात्र त्या दिवसापासून ह्यांच्याकडं बघितलं की ओढ्याकडचा उतारच बघायची. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आले की हे खांबाला धरून उभे. साखर वाढलेली, पाय सुजलेले, बोलता बोलता डोळा लागायचा. बेळगावच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच चाललं तर भावाइतकंही वय मिळणार नाही. मुंबईला पोट लहान करायचं ऑपरेशन करतात, तिथं जा. नव्वदच्या दशकात आमच्या भागात असलं कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. बाजारात चेष्टा झाली. "पोत्याला टाके घालतात ते ठावं हाय, पोटाला बी घालतात व्हय?" म्हणून लोक दुकानात येऊन विचारायचे. हे हसण्यावारी न्यायचे. पण गेले, करून घेतलं, ह्याचं श्रेय मी त्यांना देते.

मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. ऑपरेशननं निम्मं काम केलंय, उरलेलं निम्मं जन्मभर तुम्ही करायचं. पोट आता मुठीएवढं आहे, पण ठासून भरत राहिलात तर ते परत ताणतं. सुरुवातीचे काही आठवडे फक्त पातळ, मग हळूहळू घट्ट, चावून चावून. आणि गोड पातळ तर कधीच नको, कारण घट्ट खाणं अडतं, पण गोड पातळ सुर्रकन खाली उतरतं. पोट भरल्याचं कळत नाही आणि वजन होतं तिथं येतं. आलं तर दुसऱ्यांदा पोट उघडणं सोपं नाही, असंही म्हणाले. मी एक एक शब्द पदराला गाठ मारून आणला.

ह्यांनी त्यातला एकच शब्द आणला. पातळ.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं, खोटं कशाला बोलू. सदरे लोंबायला लागले. कित्येक वर्षांनी हे पाटावर मांडी घालून जेवायला बसले. गणेशगुडीच्या बाजाराला गेलो तेव्हा माझ्या पुढं चालत होते, आणि मी मागनं "अहो, थांबा की!" म्हणून ओरडत होते. त्या ओरडण्यात मला काय सुख वाटलं ते कुणाला सांगू! मला वाटलं, सुटले बाई.

आणि मग सुरू झाली पेज.

आमच्याकडं बारीक झालेला माणूस आजारीच धरतात, आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. पेज आणतात. आणि पेजेला कुणी जेवण म्हणत नाही. भात वाढला तर जेवण, पेज म्हणजे नुसतं पाणी. कुठल्यातरी माउलीनं ह्यांच्या तोंडून ऐकलं की डॉक्टरांनी पातळ सांगितलंय, आणि सगळ्या गल्लीला काम मिळालं. आधी उकड्या तांदळाची साधी पेज आली. मग तीत गूळ पडला. मग नारळाचा रस. मग हरभऱ्याच्या डाळीचं मणगणं, फणसाची खीर, कुणाच्या गुऱ्हाळावरनं आलेली काकवी दुधात कालवून. सगळं कसं, पातळ! भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आणखी एक रीत, म्हणून मी त्यात मूठभर गूळ घालून परत द्यायची, आणि चौथ्या दिवशी माझाच गूळ खीर होऊन दारात उभा. कपाळ माझं!

ह्या सगळ्यांच्या म्होरक्या म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. अक्का खानापुरास्नं एस.टी.नं यायच्या त्या मांडीवर पितळी डबा घेऊनच. बाप गेलेला, एक भाऊ गेलेला, उरलेल्या भावावर जीव. तो जीव त्या डब्यात असायचा.

"अक्का, गोड पातळ चालत नाही त्यांना," मी म्हणायची.

"अगं, पेज म्हंजे काय जेवण हाय व्हय? पाणीच की ते. जेवतोय कुठं तो? वाटीभर भात बी जात न्हाई त्येला. बघ की, गळा कसा दिसाय लागलाय."

गळा! ज्या गळ्याभोवती सदऱ्याचं बटण वीस वर्षं लागलं नव्हतं, तो आता कुठं दिसायला लागला होता, तर ह्या बाईला त्याचं वाईट वाटत होतं. आणि हे? हे दोघींच्या मध्ये बसून, मान खाली घालून, खीर प्यायचे. भुरका मारल्याचा आवाजसुद्धा करायचे नाहीत.

एवढं धिप्पाड शरीर तोलायला घरचा काटा कुठला? दुकानातला लोखंडी काटाच, पोती तोलायचा. धरणाचं पाणी चढायच्या आधी आमच्या बुडालेल्या जुन्या सुपा गावातनं जे काय उचलून आणलं, त्यात तो होता. डॉक्टरांनी दर महिन्याला वजन बघायला सांगितलं होतं. पहिलं वर्ष हे काट्यावर उभे राहिले की बाजार गोळा व्हायचा, आणि हे मोठ्यानं आकडा सांगायचे. दुसऱ्या वर्षी आवाज बारीक झाला. मग दुकान उघडायच्या आधीच उभे राहायला लागले. मी विचारलं की सांगायचे, "हाय तेवढंच हाय."

मग सदऱ्यांचं लोंबणं का थांबलं होतं? पायऱ्यांपाशी खांब परत का लागत होता?

एकदा मी दाराआड उभी राहून ऐकलं. हे काट्यावर उभे राहून दांड्यावरचं वजन सरकवत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते. भात घेताना व्यापारी करतो तसंच. पोत्याचं वजन धरत नाहीत, ते बारदान म्हणून वजा. भात ओलं असलं तर ओलीची घट वजा. तर आमचे हे धोतर-सदऱ्याचं बारदान वजा करत होते. चपलांचं वजा. सकाळी तांब्याभर पाणी प्यालो त्याची ओल वजा. "पावसाळी हवा हाय, अंगात बी ओल मुरतीया," म्हणून आणखी थोडं वजा. आणि मग जो आकडा उरायचा तो खुशाल मला सांगायचे. गिऱ्हाइकाला ज्यानं कधी पावशेराला फसवलं नाही, तो माणूस!

मी बाहेर येऊन तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथं सांगत नाही. हे म्हणाले, "अगं, रीतीनं धरलंय सगळं. व्यापारात असंच धरत्यात." म्हणजे खोटं बोलतोय असं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. खोटारड्याशी भांडता येतं हो, पण ह्याच्याशी कसं भांडायचं? मी आठवडाभर अबोला धरला. त्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या वहिनींची काकवी संपवली.

त्याच पावसाळ्यात अक्का आल्या. डबा उघडला तर शेवया, नारळाचा रस आणि गूळ. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर धो धो पाऊस. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी ह्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "उठा. काट्यावर चला. आज मी तोलणार."

"अगं, आत्ता कशाला? अक्का आल्याती."

"अक्कांच्या समोरच."

हे चढले. काट्याचा पाट कुरकुरला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दांड्यावरचं वजन सरकवलं, आणि ते सरकवत सरकवत मुंबईला जायच्या आधी जिथं थांबायचं त्याच्या जवळ जवळ नेऊन ठेवलं.

हे खाली न बघताच म्हणाले, "बारदान वजा कर की. धोतर भिजलंय. आनि आत्ताच पानी पिऊन..."

"चौघं उचलतील तेव्हा कोण वजा करणार हाय बारदान?" मी म्हटलं. "खांद्याला सगळं लागतंय. धोतर लागतंय, पाणी लागतंय, अक्कांची खीर बी लागती. तुम्हाला न्हाई ठावं, तर कुणाला ठावं?"

अक्कांच्या हातातली पळी डब्यातच राहिली. "अगं, असलं अभद्र..." म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि ह्यांच्याकडं बघून मिटलं. काट्यावर उभ्या उभ्याच ह्यांचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला होता. तिरडीचा बांबू होता त्याच खांद्यावर. बराच वेळ ते तो खांदा दाबत राहिले. मला वाटलं आता चिडतील, नाहीतर खाली उतरून निघून जातील. पावसानं पत्रे वाजत होते.

"आकडा सांग," हे म्हणाले.

मी हळू सांगितला.

"मोठ्यानं सांग. अक्काला ऐकू येऊ दे. बारदानासकट."

मी मोठ्यानं सांगितला. अक्कांनी पदर डोळ्याला लावला, आणि मग दुसऱ्या हातानं डब्यावर झाकण ठेवलं.