ओल्या पावत्या

माझ्या मावशीला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तेवढा वेळ तिचा हात अगदी स्थिर असायचा. यंत्र बंद केलं, अ‍ॅप्रन खुंटीला लावला की पायाला चाकं लागली म्हणून समजा. घरी जेवता जेवता मध्येच उठायची. आतल्या खोलीतल्या कपाटाचं दार करकरायचं, आणि परत येऊन ती म्हणायची, "आहे."

"काय आहे?" मावसोबा विचारायचे.

"गॅसची पावती."

"ती काय पळून जाणार होती?"

मावसोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बोलून बोलून त्यांना शांत राहायची सवय झाली होती. पण त्या कपाटापुढे तेही हात टेकायचे. विजेची बिलं, पाण्याची बिलं, बँकेची पत्रकं, कराचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, इतकंच काय, चपलांच्या पावत्यासुद्धा त्यात होत्या. चपला झिजून कचऱ्यात गेल्या, पावत्या मात्र प्लास्टिकच्या पाकिटात जपलेल्या. लग्नाला निघालो तर ती अर्ध्या वाटेतून परत फिरायची, कपाटाला कुलूप लावलंय ना ते बघायला.

यामागे एक जुनी गोष्ट होती. मावशी शाळेत होती तेव्हा वीज कंपनीचा माणूस त्यांच्या दारात आला आणि बिल थकलंय म्हणून वीज तोडायला लागला. आजोबा म्हणाले, "भरलंय की! मी स्वतः रांगेत उभा होतो." तो म्हणाला, "पावती दाखवा." पावती आजीने साफसफाईत टाकून दिली होती. चूक कंपनीचीच निघाली, पण ती निघेपर्यंत घर अंधारात राहिलं. मावशीची परीक्षा तोंडावर होती. ती शेजारच्यांच्या जिन्यात बसून अभ्यास करायची. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय गं, बिल नाही भरलं का?" हे सांगताना अजूनही तिचे कान लाल होतात.

मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातली नळी फुटली. मावशीच्या आतल्या खोलीचं छत गळायला लागलं, आणि ते गळलं नेमकं कपाटावर आणि पलंगावर. मावसोबांचा मला फोन आला, "कामावरून परस्पर इकडेच ये. तुझ्या मावशीला आवर."

मी हिशेबनिसाच्या कचेरीत काम करते, म्हणून कागदांचा विषय निघाला की घरच्यांना माझी आठवण होते. पोचले तर घर म्हणजे धोबीघाट. खिडकीपासून दारापर्यंत दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर चिमट्यांनी बिलं टांगलेली. पंखा भरधाव. मावशी इस्त्री घेऊन एका पत्रकावरून फिरवत होती, फिरवता फिरवता दुसऱ्या हाताने तिसरंच काहीतरी पुसत होती.

"मावशी, थांब जरा."

"थांबून कसं चालेल? खालचे सगळे एकमेकांना चिकटायला लागलेत!"

दोऱ्या भरल्या होत्या. खुर्च्यांच्या पाठी भरल्या होत्या. कपाटातला गठ्ठा मात्र निम्माही सरला नव्हता. मावसोबा म्हणाले, "आता मला आडवा करून माझ्या अंगावर वाळत घाला."

मावशी हसली नाही. "कुठले आधी घेऊ, ते तू सांग," ती मला म्हणाली. इतक्या वर्षांत तिने असं पहिल्यांदा विचारलं.

मी सांगितलं, घराचं खरेदीखत, कर्ज फिटल्याचं पत्र, विम्याचे चालू कागद आधी. पहिले दोन कायमचे ठेवायचे, विम्याचे विमा चालू आहे तोवर. कराचे कागद जुने झाले तरी काही वर्षं लागतात, कारण विचारणा उशिरा होते. वस्तूची बिलं वस्तू घरात आहे तोवर. आणि विजेचं बिल, पुढच्या बिलात मागची रक्कम जमा दिसली की त्याचं काम बहुतेक संपलं. फार तर वर्षभर ठेव.

"वर्षभर?" मावशीचा आवाज चढला. "आणि नंतर तो माणूस आला तर?"

तो माणूस म्हणजे कोण, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात वरची भाडेकरीण आली. इस्पितळात नर्स होती ती, गणवेशातच धावत आली होती. "काकू, मला तोंड दाखवायला जागा नाही," ती म्हणाली. "पण आमच्या घरमालकांचा विमा आहे. गादीचं नुकसान भरून मिळेल. फक्त गादीचं बिल द्यावं लागेल."

मावशीचा चेहरा उजळला. एवढी वर्षं ज्याची थट्टा झाली, त्याचा दिवस आज आला होता. "आहे!" म्हणत ती वाकली, आणि नेमकं पाकीट काढलं. वर तिच्याच अक्षरात 'गादी' असं लिहिलेलं. आतून तिने गुळगुळीत कागदाची पट्टी काढली, उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

पट्टी कोरी होती.

"पाण्याने गेलं," ती म्हणाली.

मी शेजारची पाकिटं उघडली. पाणी न लागलेली पाकिटंही तशीच होती. मिक्सर, कुकर, चपला, सगळं पांढरं. मला सांगणं भाग होतं. "मावशी, या कागदावर शाई नसतेच गं. उष्णतेनं अक्षर उमटतं आणि हळूहळू उडून जातं. प्लास्टिकमध्ये तर लवकरच."

ती पलंगाच्या कोरड्या कडेवर बसली. "म्हणजे मी रोज उठून काय बघत होते?"

नर्सने इस्त्री बंद केली. मावसोबा बायकोशेजारी टेकले. तेही एकदम म्हातारे दिसायला लागले. मग उठले, चपला घातल्या आणि गादीच्या दुकानात गेले. परत आले ते बिलाची नवी प्रत घेऊनच. दुकानदाराने फोन नंबरावरून संगणकात शोधून काढली होती.

मावशीने ती दोनदा वाचली. "आणि दुकानच बंद पडलं असतं तर?"

"तर आपण चटईवर झोपलो असतो," मावसोबा म्हणाले.

त्यावर मात्र ती हसली. हसता हसता रडली आणि लगेच उठली. कोऱ्या पट्ट्या गोळा करून स्वतः पिशवीत भरल्या. मग जुनी विजेची बिलं. ती टाकण्याआधी प्रत्येकावरचं नाव आणि ग्राहक क्रमांक फाडून बारीक तुकडे करायला मी सांगितलं होतं. हे काम तिला फारच आवडलं. हाताला चाळा मिळाला. तरी पिशवी दाराबाहेर ठेवल्यावर ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा काहीतरी काढून पदराखाली घेऊन आली. काय ते मी विचारलं नाही.

विम्याचे पैसे उशिरा का होईना, आले. कपाट फुगून वाकलं होतं, ते भंगारात गेलं. आता मावशीकडे एकच पत्र्याची पेटी आहे. दुकानातून गुळगुळीत पावती मिळाली की ती लगेच तिची झेरॉक्स काढते, आणि पेटीतल्या प्रत्येक कागदावर तारीख घालते, टाकायची तारीख. ती तारीख आली की दिवसभर घरात फेऱ्या मारते. पेटी उघडते, मिटते. मावसोबा टीव्हीचा आवाज वाढवतात. परवा मी गेले तेव्हा पाण्याच्या एका बिलाची टाकायची तारीख आली होती आणि ते तिच्या हातात होतं.

"अजून एक आठवडा ठेवू का गं?" तिने विचारलं.

"ठेव की," मी म्हणाले.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ते टरकन फाडलं.