दुरून काढायचा फोटो

गेणू काकडला माणसं आवडत नसत, आणि ते तो लपवतही नसे. सातपूरच्या एका कारखान्यात लेथ चालवण्यात त्याची निम्मी हयात गेली, पण जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा उघडायला कुणी धजत नसे. पक्षी मात्र त्याला आवडत. रविवार आला की स्कूटर काढून सायखेड्याच्या पुढं नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर जायचा, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यानं बगळे टिपायचा, आणि फोटो धुऊन आले की त्यात बगळा कुठला आणि कागदावरचा डाग कुठला यावरून बायकोशी, मीनाशी, भांडायचा. ती हसली की अबोला.

त्याचं खरं वैर होतं धाकट्या भावाशी. भिकनचा पंचवटीत फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, पासपोर्ट, जे येईल ते. त्यांची आई भागीबाई गेली तेव्हा तिचा धड असा एकच फोटो निघाला, भिकननं एका लग्नात काढलेला. तो त्यानं मोठा करून दिला. दिला तो दिला, पण कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आणि फोन नंबर छापून! मखमलाबादच्या घरात भिंतीवर आई, तिला हार, आणि हाराखालून डोकावणारा फोन नंबर. गेणूनं आरडाओरडा केला तर भिकन म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ, तेवढीच जाहिरात." निगेटिव्ह मात्र दिली नाही. गेणूनं त्याच दिवशी ठरवलं, की वडिलांचा फोटो आपण काढायचा. भिकनच्या हातचा भिंतीवर लागू द्यायचा नाही.

वडील म्हणजे पुंजा. सगळे त्यांना नाना म्हणत. सत्तरी उलटली तरी झेंडूच्या वावरातून ते हलत नसत. एकटे असले की झाडांना दम देत, मग स्वतःशीच हसत, आणि तेव्हा त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की बघत राहावं. समोर कॅमेरा आला की मात्र संपलं. भिकननं एकदा त्यांना स्टुलावर बसवून 'हनुवटी वर, तोंड मिटा, हलू नका' केलं होतं, आणि त्या फोटोत नाना पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत होते. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ते उठून चालू लागत. म्हणजे फोटो दुरून काढायला हवा होता, बांधावरून, त्यांच्या नकळत. गेणूचा जुना कॅमेरा तिथून नानांना बगळ्याएवढंच करून दाखवायचा.

म्हणून दोन हजार सहा साली गेणूनं डिजिटल कॅमेरा घ्यायचं मनावर घेतलं, आणि शहरातल्या दुकानदारांची साडेसाती सुरू झाली.

"काका, हा घ्या. सोळा एक्स झूम!" एकानं खोकं पुढं सरकवलं.

"त्यातला भिंगाचा किती?"

"भिंगाचा... चार. बाकीचा डिजिटल."

"म्हणजे बाकीचा नुसता फोटो ताणायचा! लुटायला बसलाय का रे?"

दुसऱ्यानं मेगापिक्सेलचा पाढा म्हटला. गेणू तो कॅमेरा उचलून थेट रस्त्यावर उन्हात गेला. पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. डोळा लावून बघायला खिडकी नसलेला कॅमेरा शेतात काय कामाचा, हे त्यानं रस्त्यावरूनच दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. खास बॅटरीवाला त्याला नको होता. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. लांबून धरताना हात हलला तरी चित्र सावरून घेणारा हवा होता. आणि लहान हवा होता, भाकरीच्या पिशवीत मावेल असा.

भिकनला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "भाऊ, घ्यायचा तर माझ्यासारखा मोठा घे, लांब लेन्सवाला. असली खेळणी पोरं घेतात."

"तुझी तोफ दिसली का नाना वावर सोडून पळतील. तू बंदोबस्ताला जातो का फोटो काढायला?"

शेवटी त्याला हवा तसा सापडला. भिंगाचाच बारा पट झूम, बटण दाबलं की नळी सरसर बाहेर येणारी. दसऱ्याच्या तोंडावर कॅमेरा घरी आला आणि गेणूनं त्याला मीनालाही हात लावू दिला नाही. रोज मऊ फडक्यानं पुसायचा. नाना ओट्यावरून हे बघत असत.

खंडेनवमीला नानांनी नेहमीप्रमाणं विळे, कुदळी, फवारणीचा पंप पाटावर मांडले. गेणू दारात उभा होता. नाना त्याच्याकडं न बघता म्हणाले, "आन रं तुझंबी."

त्या घरात नानांनी गेणूच्या कुठल्या गोष्टीची दखल घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गेणू हरखून गेला. कॅमेरा पाटावर ठेवताना त्याला तो मिरवावासा वाटला, म्हणून त्यानं बटण दाबलं. नळी पूर्ण बाहेर आली. नानांनी कौतुकानं मान डोलावली, पंपाला लावलं तसंच ओलं कुंकू बोटावर घेऊन काचेच्या बरोबर मधोमध टिळा लावला, वरून हळदीची सढळ चिमूट सोडली. हळद नळीच्या फटीत गेली. कॅमेरा कुरकुरला आणि बंद पडला.

"हात काढा!" गेणूनं त्यांचा हात झटकला. निरांजन कलंडलं. "अडानी ते अडानीच राहनार तुमी! दिसंल त्यात कुंकू कोंबायचं, अक्कल नाय काडीची!"

नानांनी बोट धोतराला पुसलं. "तुझं हत्यार म्हनून लावलं रं," एवढंच म्हणाले, आणि वावरात निघून गेले.

गेणू ब्रशनं हळद झटकत बसला. दिवाळीपर्यंत नळी हलू लागली, काच लख्ख निघाली; कॅमेऱ्याचं काही म्हणता काही बिघडलं नव्हतं. नानांकडं जाऊन चुकलो म्हणावं, असं त्याच्या मनात येई. मग वाटे, मी का म्हणून? हा ताठा त्याला मिळाला होता तो नानांकडूनच, त्यामुळं तेही पुढं होऊन बोलणारे नव्हते.

तो बांधावर जाऊन उभा राही, बाभळीच्या आड. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून नळी पूर्ण ताणली की नानांच्या पागोट्याचा पीळ न् पीळ मोजता येई. कॅमेरा उत्तमच निवडला होता. पण नाना त्याला कसे कोण जाणे ओळखत, आणि सावकाश पाठ फिरवत. तो पलीकडच्या बांधावर गेला की ते पुन्हा फिरत. हे दोन हिवाळे चाललं. तिसऱ्या हिवाळ्यात नाना झोपेतच गेले.

दशक्रियेला फोटो पाहिजे होता. गेणू पंचवटीत भिकनच्या दुकानाची पायरी चढला. भिकनचे डोळे रडून सुजले होते, तरी जीभ तीच होती.

"एवढा हिंडत होता ना नानांच्या मागं कॅमेरा घेऊन? तुझ्याकडं नाय का एकबी?"

"ढीगभर हायेत," गेणू म्हणाला. "तोंड नाय एकातबी."