कापड्याच्या तीन पायऱ्या

चूक माझी होती, हे आधीच लिहितो. आईचा गुडघा बदलल्यावर व्यायाम करून घ्यायला घरी एक बाई येत. त्या पाय दाबून वाकवायच्या तेव्हा आई उशीत तोंड खुपसून रडायची. मला ते बघवेना. पंधराव्या दिवशी मी बाईंना जिन्यातच गाठून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आईला म्हटलं, व्यायाम संपला. चार महिन्यांत तिचा पाय ताठ झाला.

डिसेंबरात तिला घेऊन गावी, कापड्याला, निघालो. एसटीत तिला मागून उचलून चढवावं लागलं. महाडला गाडी बदलताना स्टँडच्या बाकावर एक मुसलमान गृहस्थ भेटले. मुलगा दुबईला, स्वतःचं कापडदुकान. दोन्ही गुडघे बदललेले, तरी सहज उठून आमच्यासाठी चहा सांगून आले. आईने विचारलं, व्यायाम किती दिवस केलात?

“तीन महिने, भाभी. व्यायामवाल्या पोरीने रडवलं मला, पण सोडलं नाय.”

“माझा तर पंधरा दिवसांतच संपला,” आई म्हणाली. मी गाड्यांचा फलक वाचत राहिलो.

पोलादपूरहून रिक्षा केली. भात कापून झालेल्या खाचरांत वालाची कोवळी रोपं वर आली होती. घरासमोर शेजारची भागीकाकी भाकरीचा तुकडा घेऊन उभी. दुखण्यातून उठून आलेल्या माणसावरून आमच्याकडे तो ओवाळून टाकतात, मग त्याने आपल्या पायांनी उंबरा ओलांडायचा. घरापुढच्या ओट्याला तीन पायऱ्या. आई पहिलीवरच अडली.

“काय गो, गुडघा नवा आणलास नि चाल जुनीच?” काकीने विचारलं.

“मीच मेली व्यायामाला भ्याले, म्हणून बाईंनी लवकर आटपला,” आई हसली. “पोराने सगळं केलं माझं.”

तिला मी उचलून आत नेलं.

गावात रेंज नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूरला जाऊन बाईंना फोन केला. त्यांनी एकही टोमणा न मारता सगळं नीट समजावलं. मग आठ दिवस आई खाटेवर बसून टाचेला अडकवलेला टॉवेल ओढायची आणि मी पाय हलकेच दाबायचो. ती कण्हायची, मी हात काढत नव्हतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती तेच सांगायची, मीच भ्याले. मी ऐकून घ्यायचो.

निघायच्या दिवशी भिंतीला धरून ती तीन पायऱ्या उतरली. रिक्षापाशी जाऊन थांबली आणि वळून परत चढू लागली. चांगला पाय आधी, मग नवा. उंबरा ओलांडून तिने आतून हाक मारली, “भागे, तुकडा आण गो. तेव्हाचा फुकट गेला.”

महाडला पुन्हा तोच बाक. बसताना गुडघा जरा वाकला, तिने तो कौतुकाने मला दाखवला. म्हणाली, “त्या बाईंना परत बोलव. सांग, आता मी भिणार नाय.”

“आई, तू भ्याली नव्हतीस. बाईंना मीच नको म्हटलं, नि तुझ्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर.”