भरीत महोत्सव आणि साहेबाचा तंबू

मंडळी, आज आमच्या बहादरपुरात भरीत महोत्सव झाला. स्टेजवरून सांगितलं, इंग्रजांच्या काळात दर हिवाळ्यात एका साहेबाचा तंबू इथे पडायचा. त्याला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आवडलं, म्हणून गावानं प्रेमानं हा उत्सव सुरू केला.

प्रेमानं? मला काही पटेना.

शेजारी बसलेले आमचे आबा हसले. "काहे का प्रेम! तंबू पडला की साहेबाला फुकट खाऊ घालावं लागे. लोकांनी कोंबड्या लपवल्या अन् वांगी पुढे केली. त्याला नेमकी तीच आवडली!"

तेव्हा मला सकाळचं आठवलं. आयोजकांचा माणूस आमच्या शेतातून टोपलीभर वांगी घेऊन गेला. पैशांचं विचारलं तर म्हणाला, "भाऊ, गाव का काम है."

खरं सांगा, साहेबाचा तो तंबू उठलाय का?